प्रत्यक्ष सर्व्हरचे आभासी रूपांतर : नेटवर्क-मांडणीच्या जतनाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

संस्थेतील जुना सर्व्हर मोडीत काढावयाचा, परंतु त्याच्यावरील कार्यप्रणाली, कार्यक्रम आणि माहिती ही सर्व जशीच्या तशी नव्या यंत्रावर आभासी यंत्राच्या रूपाने चालू ठेवावयाची, ही पद्धती आता सर्वत्र रूढ झाली आहे. या रूपांतरात डिस्कची प्रत बिनचूक निघते, आभासी यंत्र सुरू होते, पडद्यावर नेहमीची खूण उमटते. आणि तरीही संस्थेतील एकाही संगणकाला त्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही, असा अनुभव वारंवार येतो. माहितीतील एक अक्षरही अशा वेळी गहाळ झालेले नसते. नाहीसा झालेला असतो तो सर्व्हरचा पत्ता.

हे असे का घडावे, याचे उत्तर महसुली व्यवहारातील एका परिचित गोष्टीवरून चटकन ध्यानात येते. खातेदार मयत झाला तरी फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर त्याचेच नाव राहते. जमीन जागच्या जागी असते, कसणारा वारसही हजर असतो; परंतु नोंद मृताच्या नावे असल्यामुळे वारसाला तिच्या आधारे कोणताही व्यवहार करता येत नाही. सर्व्हरच्या रूपांतरात नेमके हेच होते. पत्ता, उपजालाची मर्यादा, गेटवे इत्यादी नोंदी नव्या डिस्कवर शाबूत असतात. मात्र त्या ज्या नेटवर्क कार्डाच्या नावे घातलेल्या असतात ते कार्ड जुन्या यंत्राबरोबर मागे राहिलेले असते. तेव्हा निव्वळ प्रत काढल्याने हे काम पुरे होत नाही. जेथे जेथे जुन्या कार्डाची नोंद आहे तेथे तेथे फेरफार करावा लागतो. या नोंदी कोठे कोठे असतात आणि त्या कोणत्या क्रमाने बदलाव्यात, याचे विवेचन पुढे केले आहे.

२. आभासी यंत्राची पार्श्वभूमी

एका यंत्रावर अनेक स्वतंत्र यंत्रांचा आभास निर्माण करण्याची कल्पना मुळीच नवी नाही. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील शास्त्रीय केंद्रात १९६० नंतरच्या दशकात सीपी-४० आणि सीपी-६७ या प्रणाली सिद्ध झाल्या आणि १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आली. सामान्य कार्यालयीन यंत्रांवर मात्र ही कल्पना उतरावयास बराच काळ जावा लागला. व्हीएमवेअर कंपनी १९९८ साली स्थापन झाली. केव्हीएम हा भाग २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही २००८ साली आला.

या सर्वांत हायपरव्हायझर नावाचा एक थर प्रत्यक्ष यंत्र आणि पाहुणी कार्यप्रणाली यांच्या मध्ये बसतो. पाहुण्या प्रणालीला तो एक डिस्क दाखवतो, जी वस्तुतः एक फाइल असते. तो एक नेटवर्क कार्ड दाखवतो, जे वस्तुतः कोठेच नसते. ते कार्ड ज्या स्विचला जोडलेले भासते तो स्विचही आभासीच असतो. डिस्कमधील मजकूर जुन्या यंत्रावरून उचलून आणता येतो, कार्ड मात्र आणता येत नाही; ते नव्याने निर्माण होते. रूपांतरातील नेटवर्कविषयक बहुतेक अडचणींचे मूळ या एका भेदात आहे.

रूपांतराच्या पद्धती दोन. पहिलीत जुना सर्व्हर बंद करून त्याच्या डिस्कची प्रत घेतात. दुसरीत तो चालू असतानाच प्रत घेतात. व्हीएमवेअरचा कन्व्हर्टर, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील डिस्क२व्हीएचडी आणि लिनक्सच्या जगातील व्हर्ट-पी२व्ही ही त्यासाठीची परिचित साधने होत. चालू स्थितीतील पद्धत सोयीची खरी. परंतु तिच्यात काही काळ एकाच पत्त्याचे दोन दावेदार अस्तित्वात येतात, हे विसरता कामा नये.

३. तालुक्याच्या ठिकाणचे एक उदाहरण

मोठ्या माहिती-केंद्रांत प्रत्येक यंत्राच्या मांडणीची लेखी नोंद असते आणि ती पाहणारा स्वतंत्र कर्मचारीवर्गही असतो. म्हणून हा प्रश्न तेथे फारसा टोचत नाही. तो टोचतो तो तालुक्याच्या ठिकाणी. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हे अशा ठिकाणांचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. अवर्षणप्रवण टापूतील हे गाव डाळिंबासाठी प्रसिद्ध आहे. देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी येथूनच पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. अशा गावी महाविद्यालये, सहकारी संस्था, बाजार समिती, नगरपरिषद यांचे व्यवहार संगणकावर चालतात. संस्थेचा सर्व्हर बहुधा एकच असतो आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जाणाऱ्या या भागात वातानुकूलनाशिवाय तो फार वर्षे तग धरील अशी अपेक्षा करता येत नाही.

उदाहरणादाखल तेथील एखाद्या महाविद्यालयाचे ग्रंथालय कल्पावे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने विकसित केलेली 'सोल' ही प्रणाली देशातील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत वापरली जाते. तिची २.० ही आवृत्ती सर्व्हर आणि त्याला जोडलेले संगणक अशा द्विस्तरीय रचनेवर आधारलेली आहे. कल्पित ग्रंथालयातील सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २००८ ही कार्यप्रणाली असून त्याचा पत्ता १९२.१६८.१०.५ असा कायम स्वरूपाचा आहे, असे समजावे. देवघेवीच्या टेबलावरील, वाचनकक्षातील आणि कार्यालयातील प्रत्येक संगणकात हाच आकडा स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. तो कोणी, केव्हा आणि कोठे कोठे लिहिला याची यादी नाही. ज्याने लिहिला तो गृहस्थ संस्था सोडून गेला आहे. अशा स्थितीत नव्या यंत्राला हाच पत्ता मिळाला नाही, तर शोधाशोधीत आठवडा जाणार आणि तो आठवडा प्रवेशाचा वा परीक्षेचा असल्यास ग्रंथालयाचे काम ठप्प होणार. पत्ता जतन करण्याचे महत्त्व यात आहे.

या उदाहरणातील कार्यप्रणालीचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. म्हणजे रूपांतर हा अंतिम उपाय नव्हे. नव्या प्रणालीवर जाईपर्यंतची ती एक सुरक्षित वाट आहे.

४. विंडोजमधील नोंद

विंडोज कार्यप्रणाली प्रत्येक नेटवर्क कार्डाला एक १२८ बिटांचा अद्वितीय ओळखक्रमांक देते. कार्डाचा पत्ता, उपजालाची मर्यादा, गेटवे आणि नामसेवकांचे पत्ते ही सारी माहिती रजिस्ट्रीत टीसीपी-आयपी सेवेच्या शाखेखाली या ओळखक्रमांकाच्या खाती जमा होते. आभासी यंत्र प्रथम सुरू होते तेव्हा विंडोजला जुने कार्ड सापडत नाही आणि एक अनोळखी कार्ड दिसते. ती त्याला नवा ओळखक्रमांक देते, त्याच्या नावे कोरे खाते उघडते आणि पत्ता आपोआप मिळवण्याच्या प्रयत्नाला लागते. जुने खाते पुसले जात नाही. ते अनुपस्थित कार्डाच्या नावे तसेच पडून राहते.

यापुढील घोटाळा असा की, व्यवस्थापक नव्या कार्डाला १९२.१६८.१०.५ हा पत्ता देऊ लागला, म्हणजे हा पत्ता सध्या हजर नसलेल्या दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे, अशी सूचना विंडोज देते. जोडणीच्या नावाचीही तीच गत होते. जुन्या जोडणीचे नाव 'लोकल एरिया कनेक्शन' असेल, तर नवीला त्याच्यापुढे २ हा आकडा लागतो. आणि ते बदलून पूर्ववत करू गेल्यास तसे नाव आधीच आहे म्हणून नकार मिळतो. ज्या आज्ञासंचिका वा कार्यक्रम जोडणीला नावाने ओळखतात ते साहजिकच अडतात.

उपाय सोपा आहे, परंतु त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनुपस्थित उपकरणे दृश्य करून जुन्या कार्डाची नोंद काढून टाकावी. विंडोज सर्व्हर २००३ व २००८ या आवृत्त्यांत त्यासाठी आधी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ या मूल्यावर ठेवावे लागते. सर्व्हर २०१२ पासून लपलेली उपकरणे दाखवण्याची आज्ञा पुरते. त्यानंतर नव्या जोडणीला जुने नाव द्यावे आणि सर्वांत शेवटी पत्ता लिहावा. प्रत काढण्यापूर्वीच जुन्या यंत्रावर 'नेटश' या आज्ञेने संपूर्ण मांडणी मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घेतलेली असल्यास ती याच वेळी पुन्हा चढवता येते. ही फाइल जोडणीला नावानेच ओळखते. म्हणून नाव पूर्ववत होण्याआधी ती चढवू गेल्यास काम फसते.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. नवे कार्ड म्हणजे नवे जाल, असा विंडोजचा समज होऊ शकतो आणि अनोळखी जालाला ती 'सार्वजनिक' या वर्गात टाकते. त्या वर्गासाठी फायरवॉलचे नियम कडक असतात. परिणामी पत्ता अगदी बरोबर असूनही माहितीकोशाचे १४३३ हे नेहमीचे द्वार ग्रंथालयातील संगणकांना बंद आढळते. पत्त्याची चूक शोधण्यात तास घालवण्यापूर्वी जालाचा वर्ग पाहावा.

५. लिनक्समधील नोंद

लिनक्समध्ये तत्त्व तेच, नोंदीची जागा वेगळी. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ व तिच्या पिढीतील अन्य वितरणांत 'युडेव्ह' ही सेवा प्रत्येक कार्डाच्या मॅक पत्त्याला एक नाव कायमचे बांधून ठेवते. जुन्या मॅक पत्त्याला 'इथ०' हे नाव बांधलेले असल्याने नव्या कार्डाच्या वाट्याला 'इथ१' येते. पत्त्याची मांडणी मात्र 'इथ०'च्या फाइलमध्ये असते आणि त्या फाइलमध्येही बहुधा जुना मॅक पत्ता नमूद असतो. यास्तव दोन्ही ठिकाणची नोंद दुरुस्त करावी लागते. एकच दुरुस्त केल्यास जोडणी उभी राहत नाही.

जानेवारी २०१३ मधील सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्डाचे नाव त्याच्या यंत्रातील जागेवरून ठरवण्याची पद्धत आली. तिने जुनी अडचण दूर केली, परंतु रूपांतरापुरती नवी निर्माण केली. प्रत्यक्ष यंत्राच्या पटावरील 'ईएनओ१' हे कार्ड आभासी यंत्रात 'ईएनएस१९२' सारख्या नावाने प्रकट होते, कारण त्याची जागाच बदललेली असते. तेव्हा नेटवर्क-मांडणीच्या फाइली, फायरवॉलमधील विभाग आणि मार्गांचे तक्ते यांत जेथे जेथे जुने नाव आहे तेथे तेथे नवे घालावे लागते.

६. मॅक पत्ता आणि शेजाऱ्यांची स्मृती

आतापर्यंतच्या नोंदी सर्व्हरच्या पोटातील होत्या. परंतु सर्व्हरची ओळख काही अंशी त्याच्या शेजाऱ्यांच्या दप्तरीही असते. मॅक पत्ता ४८ बिटांचा असून त्याचे पहिले २४ बिट उत्पादकाचे निदर्शक असतात. आभासी कार्डांचेही असे उपसर्ग ठरलेले आहेत : व्हीएमवेअरचे ००:५०:५६ आणि ००:०सी:२९, हायपर-व्हीचा ००:१५:५डी, झेनचा ००:१६:३ई. केव्हीएमवरील यंत्रांत बहुधा ५२:५४:०० हा उपसर्ग आढळतो. रूपांतरानंतर सर्व्हरचा मॅक पत्ता बदलतो तो यामुळे.

या बदलाचे परिणाम चार ठिकाणी जाणवतात. पहिले, एआरपीचे तक्ते. १९८२ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या या नियमाप्रमाणे प्रत्येक संगणक शेजाऱ्याचा आयपी पत्ता आणि मॅक पत्ता यांची जोडी काही काळ स्मरणात ठेवतो. नवे यंत्र सुरू होताना आपली जोडी सर्वांना कळवते, म्हणून हा प्रश्न सहसा आपोआप सुटतो. तथापि काही राउटरांत ही स्मृती चार तासांपर्यंत टिकते, आणि हाताने घातलेली नोंद तर कधीच आपोआप जात नाही. दुसरे, डीएचसीपी सेवेतील राखीव पत्ते. सर्व्हरला पत्ता तेथून मिळत असेल, तर राखीव नोंदीत नवा मॅक पत्ता घालावा लागतो. तिसरे, स्विचवरील सुरक्षा. एका द्वारावर एकच मॅक पत्ता चालेल असा निर्बंध असल्यास हायपरव्हायझरचे यंत्र तेथे जोडताच द्वार बंद पडते, कारण त्या एका तारेवरून अनेक मॅक पत्ते बोलू लागतात. चौथे, मॅक पत्त्याशी बांधलेले सॉफ्टवेअरचे परवाने.

शेवटच्या कारणासाठी आभासी कार्डाला जुनाच मॅक पत्ता देण्याचा मोह होतो, आणि बहुतेक हायपरव्हायझरांत ते शक्यही असते. मात्र परवान्याच्या अटींना ते धरून आहे की नाही हे आधी तपासावे, आणि जुने कार्ड पुन्हा त्याच जालात कधीही जोडले जाणार नाही याची खात्री करावी. एकच मॅक पत्ता दोन द्वारांवर दिसू लागला, की स्विच कधी इकडे तर कधी तिकडे निरोप पाठवू लागतो. अशा दोषाचे निदान करणे अतिशय कष्टाचे असते.

७. आभासी स्विचची बाजू

पाहुण्या प्रणालीतील सर्व नोंदी बिनचूक करूनही संपर्क होत नसेल, तर दोष बहुधा यजमानाच्या बाजूस असतो. सर्व्हरचा पत्ता तोच ठेवावयाचा तर त्याचे उपजालही तेच असले पाहिजे. जुना सर्व्हर स्विचच्या ज्या द्वाराला जोडलेला होता ते एखाद्या व्हीलॅनचे असल्यास, तो व्हीलॅन यजमान यंत्राच्या द्वारापर्यंत पोहोचवणे आणि आभासी स्विचवर त्याचा क्रमांक घालणे, ही दोन्ही कामे आवश्यक ठरतात.

काही जुन्या सर्व्हरांत दोन प्रत्यक्ष कार्डे जोडून एक केलेली असतात. ही जोडणी कार्ड-उत्पादकाच्या सॉफ्टवेअरने केलेली असल्यास प्रत काढण्यापूर्वीच ती मोडून पत्ता एका कार्डावर आणणे श्रेयस्कर असते. अन्यथा ते सॉफ्टवेअर नव्या यंत्रात आपली कार्डे शोधत बसते. एक तार तुटल्यास दुसरीने काम चालावे ही सोय आता यजमानाने पुरवावयाची असते. पाहुण्याला एकच आभासी कार्ड पुरते. त्या आभासी कार्डाचा ड्रायव्हर पाहुण्या प्रणालीत अगोदरपासून असेल तर उत्तमच. नसल्यास रूपांतरानंतर पहिले काम तेच.

८. कार्याचा क्रम

वरील विवेचनावरून कार्याचा जो क्रम निष्पन्न होतो तो असा :

(अ) जुन्या सर्व्हरवर पत्ते, मार्गांचे तक्ते, नामसेवक, फायरवॉलचे नियम, मॅक पत्ते आणि चालू असलेली द्वारे यांची लेखी नोंद करावी व ती सर्व्हरबाहेर ठेवावी. कायम स्वरूपाचे मार्ग विशेषेकरून पाहावेत. ते विसरल्यास एकाच इमारतीत काम चालते आणि दुसऱ्या इमारतीत अडते.

(आ) कार्डांची जोडणी असल्यास मोडावी आणि मगच प्रत काढावी. माहितीकोशात नोंदी चालू असताना काढलेली प्रत विश्वसनीय नसते, म्हणून देवघेव बंद ठेवावी.

(इ) आभासी यंत्र प्रथम सुरू करताना त्याचे कार्ड तोडलेल्या स्थितीत, किंवा बाहेर कोठेही न जोडलेल्या आभासी स्विचवर ठेवावे. याच स्थितीत जुन्या कार्डाची नोंद काढणे, नाव पूर्ववत करणे व पत्ता लिहिणे ही कामे उरकावीत.

(ई) जुना सर्व्हर बंद करावा आणि त्याची नेटवर्कची तार काढून घ्यावी. वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय अनेक सर्व्हरांत असते. तार न काढल्यास रात्री केव्हा तरी तो जागा होऊन आपल्या पत्त्यावर हक्क सांगू लागेल.

(उ) आता आभासी कार्ड जोडून प्रथम गेटवेशी, नंतर एका संगणकाशी आणि शेवटी प्रत्यक्ष कार्यक्रमाशी संपर्क तपासावा. केवळ पिंगला उत्तर मिळाले म्हणून काम झाले असे समजू नये. त्याचप्रमाणे फायरवॉलमुळे पिंगला उत्तर न मिळाल्यास काम बिघडले असेही समजू नये. देवघेवीची एक नोंद प्रत्यक्ष करून पाहणे हीच खरी कसोटी.

(ऊ) जुना सर्व्हर काही आठवडे तसाच राखावा. तथापि परतीची ही वाट दिवसागणिक अरुंद होत जाते, हे ध्यानात घ्यावे. नव्या यंत्रावर झालेल्या देवघेवीच्या नोंदी जुन्यावर नसतात. परत फिरावयाचे तर त्या हाताने चढवाव्या लागतील. म्हणून निर्णयाची मुदत आधीच ठरवलेली बरी.

एक अपवाद नमूद करणे अवश्य आहे. विंडोजच्या डोमेन कंट्रोलरचे असे रूपांतर शक्यतो करू नये. त्याची जुनी प्रत चालू झाल्यास इतर कंट्रोलरांशी त्याच्या नोंदींचा क्रम जुळत नाही आणि सर्वच नोंदींत विसंगती शिरते. तेथे नवा कंट्रोलर उभारून त्याच्याकडे नोंदी प्रवाहित होऊ देणे हाच राजमार्ग होय.

९. पत्ता की नाव?

येथवर पत्ता जतन करण्याचाच विचार झाला. परंतु पत्ता इतक्या अट्टाहासाने जतन करावा लागतो, याचे कारण काय, हाही प्रश्न अभ्यासकाने विचारावयास हवा. ग्रंथालयातील प्रत्येक संगणकात आकडा लिहिलेला होता, हे ते कारण. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणी सर्व्हरचे नाव लिहिलेले असते आणि नावाचा पत्ता सांगण्याचे काम नामसेवकाकडे असते, तर पत्ता बदलला तरी एकाच जागी एकच ओळ दुरुस्त करून भागले असते. डीएनएसची रचना १९८३ साली मुळात याच गरजेतून पुढे आली.

यावरून असे सुचवता येते की, रूपांतर दोन टप्प्यांत करावे. पहिल्या टप्प्यात जुना पत्ता काटेकोरपणे जतन करून काम अखंड चालू ठेवावे. एकाच वेळी यंत्रही बदलले आणि पत्ताही बदलला, तर बिघाड कशामुळे झाला हे सांगता येत नाही. दुसऱ्या टप्प्यात, सवडीने, एकेका संगणकात आकड्याच्या जागी नाव घालत जावे आणि तसे करताना यादी तयार करावी. पुढील सर्व्हर येईल तेव्हा ती यादी हाताशी असली, म्हणजे सांगोल्यासारख्या ठिकाणी एका व्यक्तीच्या जाण्याने संस्थेचे काम अडून राहणार नाही.